चकती, चुंबक आणि शंभर मिलिव्होल्ट

विजेचे जुने मीटर आठवत असतील, तर काचेआड फिरणारी ती ॲल्युमिनियमची चकतीही आठवत असेल. घरात एखादाच दिवा असला की ती रमतगमत फिरायची, गीझर लावला की सुसाट सुटायची. ती चकती फिरायची विजेमुळे, आणि एका कायम चुंबकाच्या फटीतून जाताना तिला लगाम बसायचा. आपल्याला इथे नेमकं उलटं करायचं आहे. चकती आपण फिरवायची, चुंबक जागच्या जागी ठेवायचा आणि वीज बाहेर काढायची.

या यंत्रावर मोबाइल चार्ज होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. चांगलं जमलं तर एक दशांश व्होल्ट मिळेल, साधंसुधं जमलं तर वीस-तीस मिलिव्होल्ट. तरीही ते करून पाहावं, याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे याहून साधं जनित्र नाही: गुंडाळायची तार नाही, दिक्परिवर्तक नाही, आणि बाहेर येते ती सुरुवातीपासूनच एकदिश वीज. दुसरं कारण जरा वेगळं आहे. 'फुकट वीज' देणाऱ्या यंत्रांचे जे व्हिडिओ फिरत असतात, त्यांतल्या काही यंत्रांच्या पोटात हीच चकती असते. ज्याने ती एकदा स्वतः फिरवून मोजली, त्याला गंडवणं अवघड जातं.

नववीपासून पुढचे विद्यार्थी, विज्ञानाचे शिक्षक आणि घरात ड्रिल मशीन असलेला कोणताही हौशी माणूस यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मायकेल फॅरडेने ही चकती फिरवली ती २८ ऑक्टोबर १८३१ रोजी, लंडनजवळ वुलिच इथे. रॉयल सोसायटीचा अजस्र चुंबक तेव्हा तिथे सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांच्याकडे होता. पेटीत रचलेले सुमारे ४५० पट्टीचुंबक, प्रत्येक पंधरा इंच लांब, असं त्याचं रूप. फॅरडेची तांब्याची चकती बारा इंच व्यासाची, इंचाच्या पाचव्या भागाइतकी जाड, पितळी आसावर बसवलेली. एक तार आसाला, दुसरी चकतीच्या कडेला टेकवलेली, आणि मध्ये गॅल्व्हानोमीटर. चकती फिरली, काटा सरकला, आणि चकती फिरत होती तोवर सरकलेलाच राहिला. त्याआधी दोन महिने, २९ ऑगस्टला, त्याने लोखंडी कड्यावर दोन कुंडल्या गुंडाळून विद्युतप्रवर्तन दाखवलं होतं खरं. पण तिथे काटा फक्त एका कुंडलीला बॅटरी जोडताना-तोडताना उडी मारायचा. प्रवर्तनातून अखंड वाहणारी धारा पहिल्यांदा दिली ती या चकतीने. फ्रान्समध्ये आरागोने १८२४च्या सुमाराला दाखवलेलं कोडंही तिनेच सोडवलं. तांब्याची चकती फिरवली की वर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे का फरफटते, हे तोवर कोणालाच धड सांगता आलं नव्हतं.

आधी हिशेब, मग हत्यारं

शाळेच्या पुस्तकात जनित्र म्हटलं की दोन ध्रुवांच्या मध्ये फिरणारी कुंडली असते. चकतीत कुंडली नाही, मग वीज कुठून येते? तांब्यातले मुक्त इलेक्ट्रॉन चकतीबरोबर गोल फिरतात. चुंबकीय क्षेत्र चकतीला काटकोनात असेल, तर ते या फिरत्या इलेक्ट्रॉनांना आडवं ढकलतं, म्हणजे आसाकडे किंवा कडेकडे. फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम इथेही लागू पडतो. फक्त अंगठा चकतीच्या त्या ठिकाणच्या गतीच्या दिशेला धरायचा. आस आणि कड यांच्यात जो विद्युतदाब तयार होतो, तीच आपली कमाई.

ही कमाई किती, ते काढायला एक ओळ पुरते. ब्रश, म्हणजे फिरत्या चकतीला टेकवलेला स्पर्शक, ज्या वर्तुळावर टेकतो, त्या वर्तुळातून जाणारा एकूण चुंबकीय प्रवाह वेबरमध्ये काढा आणि त्याला दर सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणा. उत्तर व्होल्टमध्ये येतं.

उदाहरण घेऊ. चकती दहा सेंटिमीटर व्यासाची, तिच्या सगळ्या पृष्ठभागावर ०.३ टेस्ला क्षेत्र. चकतीचं क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर, म्हणून प्रवाह सुमारे ०.००२३६ वेबर. ड्रिल मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला साधारण ४६.७ फेरे झाले. गुणाकार ०.११ व्होल्ट. घरगुती हौसेत याच्या फार पुढे जाता येत नाही, कारण दहा सेंटिमीटर भरून ०.३ टेस्ला मिळवणं हेच खर्चाचं आणि जिकिरीचं काम आहे. जुन्या स्पीकरचे दोन फेराइट चुंबक चकतीच्या दोन बाजूंना लावले, तर वीस ते चाळीस मिलिव्होल्टची अपेक्षा ठेवा.

या एका ओळीतून बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. व्यास दुप्पट केला तर विद्युतदाब चौपट होतो, पण चुंबकही तेवढाच रुंद हवा. नुसती चकती मोठी करून काही हाती लागत नाही, उलट तोटाच होतो. चुंबकाच्या एका तोंडातून निघालेल्या बलरेषा कडेबाहेरून वळून परत येतात. चकती चुंबकाबाहेर डोकावत असेल तर त्या परतीच्या रेषा तिला उलट दिशेने छेदतात आणि मिळवलेलं वजा होतं. म्हणून चकती चुंबकाएवढीच घ्या, किंवा मोठी असेल तर ब्रश चुंबकाच्या कडेवर येईल असा टेकवा. मोठी चकती हाताशी असेल तर एक छान प्रयोग फुकटात होतो. ब्रश आसापासून कडेकडे थोडा थोडा सरकवत प्रत्येक ठिकाणचं वाचन लिहून आलेख काढा. आकडा आधी चढतो आणि चुंबकाची हद्द ओलांडली की उतरू लागतो. विज्ञान प्रदर्शनात असा आलेख क्वचितच दिसतो.

एलईडी पेटवायचा तर दोन व्होल्टच्या आसपास लागतील. वरच्याच क्षेत्रात आणि वेगात त्यासाठी साधारण बेचाळीस सेंटिमीटर व्यासाची चकती आणि तेवढाच रुंद चुंबक लागेल, आणि तिची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धावत असेल. तो नाद सोडून द्या.

सामान

तांब्याचा दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या. मुंबईत तांबाकाटा आणि पुण्यात तांबट आळी ही याची ठरलेली ठिकाणं. लहान गावात भांड्यांचा व्यापारी किंवा मोटार रिवाइंडिंगवाला पत्ता सांगतो. दहा सेंटिमीटरच्या चकतीला जेमतेम दीडशे ग्रॅम तांबं लागतं. घरातलं ताम्हण मात्र लेथवर चढवू नका; त्याचा तळ सपाट नसतो आणि घरातला वाद दोन मिलिमीटरच्या पत्र्यापेक्षा महाग पडतो. ॲल्युमिनियम स्वस्त असतं, पण त्याच्यावर ऑक्साइडचा थर लगेच बसतो आणि ब्रशचा स्पर्श नीट होत नाही. पितळ तांब्याच्या मानाने वीज बरीच कमी वाहतं.

चकती कात्रीने कापून चालणार नाही. टर्नरकडून मधोमध आठ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या आणि कड लेथवर खरडून गोल करून घ्या. आसासाठी आठ मिलिमीटरचा पितळी बोल्ट किंवा आटे पाडलेली पितळी सळई घ्या. लोखंडी घेतली तर चुंबक तिला ओढत राहील आणि चकती थरथरेल. दोन्ही बाजूंनी वॉशर आणि नट घट्ट आवळा. आस दोन ६०८ क्रमांकाच्या बेअरिंगवर लाकडी चौकटीत बसवला तर उत्तम. हे बेअरिंग स्केट्सच्या चाकांत असतं, त्यामुळे कुठेही मिळतं. आसाचं एक टोक ड्रिलच्या चकमध्ये धरायचं.

चुंबकाच्या बाबतीत दोन रस्ते आहेत. एक फॅरडेचा: नालाकृती चुंबकाच्या फटीतून चकतीचा एकच भाग जाऊ द्यायचा. दिसायला हे आकर्षक वाटतं, पण चकतीचा बाकीचा भाग क्षेत्राबाहेर असतो, आणि तयार झालेली बरीचशी धारा त्या भागातून चकतीतल्या चकतीतच गोल फिरून उष्णतेत जाते. या भोवऱ्यासारख्या धाराच जुन्या मीटरच्या चकतीला लगाम घालत होत्या. दुसरा रस्ता म्हणजे चुंबक आणि चकती एकाच आसावर, समकेंद्री. वीज काढायची असेल तर हाच धरा. स्पीकरमधल्या कडीसारख्या फेराइट चुंबकाच्या भोकातून आस सहज जातो. निओडिमियम हवा असेल तर मध्ये भोक असलेला, पन्नास मिलिमीटर व्यासाचा आणि दहा मिलिमीटर जाडीचा घ्या आणि चकतीही तेवढीच करा. दोन चुंबक लावणार असाल तर दोघांचीही उत्तर बाजू एकाच दिशेला हवी, म्हणजे चकतीच्या फटीतून ते एकमेकांना ओढत असले पाहिजेत. ढकलत असतील तर वाचन शून्याच्या जवळ येईल.

निओडिमियमशी थट्टा नको. पन्नास मिलिमीटरचे दोन चुंबक एकमेकांवर आपटले तर मध्ये सापडलेलं बोट चिरडतं आणि चुंबकाचे तुकडे उडतात. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाला खोलीत येऊ देऊ नका. पत्र्याची धार, ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या यांची काळजी घ्या. डोळ्यांवर गॉगल हवाच. ड्रिल बाकाला शिकंज्यात पकडा, हातात धरून चालवू नका. वेग कमी-जास्त करता येणारं ड्रिल असेल तर सावकाश सुरू करून चकती डगमगत नाही ना, हे आधी पाहा.

खरी मेख ब्रशमध्ये आहे

विद्युतदाब सूत्राप्रमाणे येतोच. धारा मात्र ब्रश ठरवतात, आणि बहुतेक प्रयोग इथेच फसतात. मिक्सरचा किंवा ड्रिलचा कार्बन ब्रश लावण्याचा मोह होतो. तो टाळा. कार्बन ब्रशमधून धारा वाहू लागली की स्पर्शाच्या जागी व्होल्टभर दाब खर्ची पडू शकतो. २३० व्होल्टच्या मिक्सरला त्याची पर्वा नसते. आपल्याकडे आहेच मुळी एक दशांश व्होल्ट. उघड्या टोकांवर मीटर शंभर मिलिव्होल्ट दाखवतो आणि तार जोडली की धारा गायब, असा अनुभव आला तर गुन्हेगार हाच समजा.

गॅरेजवाल्याकडे जा आणि गाडीच्या सेल्फचे ब्रश मागा. स्टार्टर मोटर बारा व्होल्टवर शेकडो अँपिअर ओढते, म्हणून तिच्या ब्रशमध्ये तांब्याची भुकटी भरपूर घातलेली असते. रंगावरूनही ती लालसर झाक दिसते. ते नसतील तर तांब्याची विणलेली पट्टी स्प्रिंगने कडेवर दाबून धरा. चकतीची कड झिरो नंबर पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि स्पिरिटने पुसा. तेलाचा एक ओघळही नको. कडेभोवती तीन-चार ब्रश समांतर जोडले तर धारा वाढते. आसालाही वेगळा ब्रश द्या. ड्रिलच्या बेअरिंगमधून धारा नेऊ नका.

कडेवर ब्रश असणं हीच या यंत्राची कायमची दुखरी नस. तिथे वेग सर्वांत जास्त असतो. आपल्या दहा सेंटिमीटरच्या चकतीची कडसुद्धा ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने ब्रशला घासत जाते. निकोला टेस्लाने १८८९च्या पेटंटमध्ये यावर उपाय सुचवला होता: दोन चकत्या शेजारी ठेवायच्या, त्यांच्या कडा धातूच्या लवचीक पट्ट्याने जोडायच्या आणि ब्रश फक्त आसांवर लावायचे, कारण तिथे वेग कमी. कल्पना देखणी आहे.

जुन्या पुस्तकांत कड पाऱ्याच्या वाटीत बुडवलेली दाखवतात. फॅरडेनेही कडेला पारा चोळून स्पर्श सुधारला होता, आणि पीटर बार्लोचं १८२२ सालचं चाक पाऱ्यातच फिरत असे. आज हे करू नये. फिरत्या चकतीवरून पाऱ्याचे बारीक थेंब आणि वाफ शाळेच्या खोलीत पसरवणं हा शुद्ध निष्काळजीपणा होईल.

मोजताना

डिजिटल मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या एकदिश पट्टीवर ठेवा. काट्याचा मीटर चुंबकाजवळ नेऊ नका. त्याच्यातही चुंबक असतो आणि तो खोटं बोलेल. मग चार वाचनं घ्या: चकती थांबलेली, सुलट फिरणारी, उलट फिरणारी, आणि चुंबक काढून फिरणारी. पहिलं आणि चौथं शून्याला टेकलेलं हवं. दुसऱ्या-तिसऱ्याचा आकडा जवळजवळ सारखा आणि चिन्ह उलटं हवं. दोन्हींत थोडा फरक पडला तर घाबरू नका. ब्रश घासून तापतात आणि दोन वेगळ्या पदार्थांच्या तापलेल्या सांध्यावर स्वतःचा थोडासा दाब तयार होतो. तो फिरण्याची दिशा बदलली तरी बदलत नाही, म्हणून सुलट वाचनातून उलट वाचन चिन्हासकट वजा करून दोनाने भागा. तापलेल्या ब्रशचा वाटा निघून जातो आणि खरा आकडा उरतो.

धारा मोजायला मीटरची दहा अँपिअरची पट्टी वापरू नका. मीटर आणि त्याच्या तारा यांचा रोध आपल्या सबंध यंत्राच्या रोधापेक्षा जास्त भरतो, आणि मोजायला जावं तर मोजायची गोष्टच आटते. त्याऐवजी घरच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची वायर बरोबर एक मीटर घ्या. तिचा रोध सुमारे सात मिलिओहम असतो. ती ब्रशांमध्ये थेट जोडा आणि तिच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजा. पस्तीस आले तर पाच अँपिअर वाहत आहेत. पाच अँपिअर म्हणजे मोबाइलच्या साध्या चार्जरपेक्षा जास्त धारा, आणि तीही एकही वेढा न गुंडाळता. एवढं होऊनही वायर जेमतेम कोमट होते, कारण दाबच क्षुल्लक आहे.

एलईडी पेटवल्याशिवाय चैन पडणार नसेल तर वीस मिलिव्होल्टपासून काम करणाऱ्या चिप मिळतात. एलटीसी ३१०८ ही त्यांतली एक, सोबत एकास शंभर प्रमाणाचा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. ती थेंबथेंब ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठवते आणि एलईडी लुकलुकतो. बघणाऱ्यांना हे आवडतं, पण भौतिकशास्त्र त्याच्या आधीच संपलेलं असतं.

चुंबकही फिरवला तर?

हा भाग चुकवू नका, सगळी गंमत इथे आहे. तीन गोष्टी करून पाहायच्या. चुंबक स्थिर, चकती फिरती: दाब मिळतो. चकती स्थिर, समकेंद्री चुंबक आपल्या आसाभोवती फिरता: काहीच मिळत नाही. दोन्ही एकत्र, एकमेकांना बांधून फिरते: पुन्हा पहिल्याएवढाच दाब मिळतो.

तिसऱ्या वाचनावर बहुतेकांचा विश्वास बसत नाही. चकती आणि चुंबक एकमेकांच्या सापेक्ष स्थिर आहेत, मग वीज कशी? फॅरडेला हे ठाऊक होतं. त्याने चुंबकाच्या टोकावर मध्ये कागद घालून तांब्याची चकती चिकटवली आणि दोन्ही मिळून फिरवली होती. उत्तर असं की समकेंद्री, सर्व बाजूंनी सारखा चुंबक स्वतःभोवती फिरला तरी त्याचं क्षेत्र जसंच्या तसं राहतं. बलरेषा चुंबकाला चिकटून फिरत नाहीत. फिरतात ते तांब्यातले इलेक्ट्रॉन, आणि ज्याच्या सापेक्ष ते फिरतात तो ब्रश आणि बाहेरची तार स्थिर असते. मीटरची तारही चकतीबरोबर फिरवता आली असती तर वाचन शून्य आलं असतं.

हा प्रयोग हातड्रिलवर किंवा अगदी कमी वेगात करा. फेराइट चुंबक ठिसूळ असतो, वेगात सुटला तर गोळीसारखा जातो. बोल्ट आणि वॉशरने जखडल्याशिवाय फिरवू नका. सेकंदाला पाच फेऱ्यांवर दोन-तीन मिलिव्होल्टच दिसतील, पण दिसतील. चुंबक निओडिमियमचा असेल तर मध्ये कागद हवा, कारण त्याच्यातून वीज वाहते आणि तो स्वतःच चकतीसारखा वागू लागतो.

फुकट विजेचं दुकान

या तिसऱ्या वाचनावरच काही 'फुकट वीज'वाल्यांचा डोलारा उभा आहे. त्यांचा युक्तिवाद असा असतो: चुंबक चकतीबरोबरच फिरतो, मग चकतीला मागे खेचणार कोण? विरोध नाही, म्हणजे घातलेल्यापेक्षा जास्त निघणार. अमेरिकेत ब्रूस डीपाल्मा यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून 'एन मशीन' या नावाने हा दावा केला. भारतात कैगा अणुवीज प्रकल्पात काम केलेले अभियंता परमहंस तिवारी यांनी अशाच रचनेवरून अवकाशातून ऊर्जा मिळते असा सिद्धांत मांडला. दोघेही शिकलेसवरलेले, यंत्र स्वतः बांधणारे लोक होते. तरी घातलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा निघते, हे स्वतंत्र तपासणीत सिद्ध झालेलं नाही.

चूक कुठे होते, ते आपल्याच चकतीवर पाहू. शंभर मिलिव्होल्टवर पाच अँपिअर म्हणजे अर्धा वॅट. २,८०० फेऱ्यांच्या वेगात अर्धा वॅट काढायला चकतीवर जो विरोध यावा लागतो, तो ०.००१७ न्यूटन-मीटर. आता ब्रशचं घर्षण धरा. ब्रश अर्धा किलो वजनाइतक्या दाबाने कडेवर टेकवला आणि घर्षणांक ०.२ मानला, तर पाच सेंटिमीटर त्रिज्येवर त्याचा विरोध ०.०५ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे नुसता ब्रश घासण्यात जवळपास पंधरा वॅट जातात, आणि विजेमुळे येणारा विरोध त्याच्या जेमतेम तिसाव्या हिश्श्याएवढा असतो. त्यात बिनभाराचं ड्रिलसुद्धा शंभरेक वॅट सहज खातं. तार जोडली काय नि सोडली काय, ड्रिलच्या आवाजात फरक पडत नाही, आणि माणूस म्हणतो, बघा, विरोधच नाही! विरोध असतो, तो घर्षणाच्या गोंगाटात बुडालेला असतो. चुंबक चकतीला बांधलेला असेल तेव्हाही तो नाहीसा होत नाही, त्याची प्रतिक्रिया ब्रश आणि बाहेरच्या तारेवर येते.

मग ही चकती कोणाच्या कामाची? ज्यांना थोड्या दाबाची पण प्रचंड धारा हवी, त्यांच्या. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत मार्क ऑलिफंट यांनी असं एक अवाढव्य जनित्र बांधलं. ते १९६२ ते १९८६ या काळात वापरात होतं. जड चकत्यांना हळूहळू वेग द्यायचा, त्यांच्यात ५०० मेगाज्यूलपर्यंत ऊर्जा साठवायची आणि ती क्षणात मोकळी करायची, अशी त्याची रीत. वीस लाख अँपिअरपर्यंत धारा त्यातून मिळू शकत होती. ५०० मेगाज्यूल म्हणजे सुमारे १३९ युनिट; आपल्याकडच्या एखाद्या मध्यमवर्गीय घराचं महिन्याचं बिल साधारण एवढ्याचंच येतं.

घरी वापरता येईल अशी वीज हवी असेल तर चकती सोडू नका, तिची भूमिका बदला. चुंबक चकतीवर बसवा आणि तारेच्या कुंडल्या स्थिर ठेवा. स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉट यांनी लोकप्रिय केलेल्या लहान पवनचक्कीत हेच असतं: लोखंडाच्या दोन चकत्यांवर आलटूनपालटून उत्तर-दक्षिण असे निओडिमियमचे चुंबक, आणि मधल्या फटीत रेझिनमध्ये ओतलेल्या कुंडल्या. चकतीचा एक 'वेढा' एक दशांश व्होल्ट देतो. कुंडलीत शेकडो वेढे एकापुढे एक जोडले जातात आणि त्यांच्या दाबांची बेरीज होते. ब्रशही लागत नाहीत. सायकलचा तळहाताएवढा डायनॅमो सहा व्होल्टवर तीन वॅट देतो तो याच जोरावर.

शाळेच्या प्रदर्शनात मांडणार असाल तर तक्त्यावर चार वाचनं, चुंबक फिरवण्याचे तीन प्रयोग, ब्रशच्या जागेचा आलेख आणि घर्षणाचा हिशेब एवढं लिहा. मिळालेल्या वॅटशेजारी खर्च झालेले वॅटही मोठ्या अक्षरात लिहा. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. आणि तक्त्याच्या डोक्यावर 'विजेचा नवा प्रदूषणमुक्त स्रोत' असं काही लिहू नका. चकती १८३१ची आहे, आणि तिला फिरवणारं ड्रिल भिंतीतल्या प्लगवर चालतं.